१ए१ एसएलआर रायफल : खोलजोड आणि निगा

१ए१ सेल्फ लोडिंग रायफल ही ७.६२ मिलिमीटर व्यासाची, भारतीय बनावटीची अर्धस्वयंचलित रायफल आहे. ती 'एसएलआर' या संक्षिप्त नावाने ओळखली जाते. बेल्जियममधील एफएन कंपनीच्या एफएएल रायफलीवरून ब्रिटनने एल१ए१ ही आवृत्ती तयार केली आणि तिच्याशी जवळचे साम्य असलेली १ए१ पश्चिम बंगालमधील ईशापूर येथील रायफल कारखान्यात बनू लागली. दस्ता आणि नळीभोवतीचे हँडगार्ड लाकडी असणे हे तिचे ठळक वैशिष्ट्य होय. भारतीय भूदलात तिची जागा नंतर इन्सास रायफलीने घेतली. पोलीस व निमलष्करी दलांत मात्र ती पुढेही वापरात राहिली.

प्रस्तुत लेखात या रायफलीची रचना, ती खोलण्याचा व जोडण्याचा क्रम, धातूच्या आणि लाकडी भागांची निगा व त्यामागील कारणे यांची माहिती दिली आहे. अमरावती व अकोला जिल्ह्यांच्या वऱ्हाड भागातील हवामानाचा लाकडी दस्त्यावर होणारा परिणामही स्वतंत्रपणे नोंदविला आहे.

इतिहास

एफएएल रायफलीचा आराखडा दुसऱ्या महायुद्धानंतर द्येदोने सेव्ह आणि अर्नेस्ट व्हर्व्हिए या बेल्जियन अभियंत्यांनी तयार केला. नाटो राष्ट्रांनी ७.६२ × ५१ मिमी हे काडतूस प्रमाण मानल्यावर रायफल त्यानुसार बदलण्यात आली. पुढे नव्वदहून अधिक देशांनी ती वापरली. ब्रिटनने १९५४ मध्ये स्वीकारलेली एल१ए१ ही आवृत्ती केवळ अर्धस्वयंचलित होती, म्हणजे चाप एकदा ओढल्यावर एकच गोळी सुटे. ब्रिटिश रायफलींचा दस्ता सुरुवातीला लाकडी होता. नंतर तेथे नायलॉनयुक्त प्लास्टिकचे भाग आले.

१९६२ च्या भारत-चीन युद्धाच्या वेळी भारतीय पायदळाचे मुख्य शस्त्र .३०३ ली-एनफिल्ड ही बोल्टची रायफल होती. तिच्यात प्रत्येक गोळीनंतर बोल्ट हाताने मागे-पुढे करावा लागतो. या युद्धानंतर अर्धस्वयंचलित रायफलीचे देशांतर्गत उत्पादन ही तातडीची गरज ठरली. पुण्यातील आयुध संशोधन व विकास संस्था आणि ईशापूरचा कारखाना यांच्या कामातून भारतीय एसएलआर आकाराला आली. १९७१ च्या युद्धापर्यंत ती पायदळाचे प्रमुख शस्त्र झाली होती. ईशापूरसोबतच तमिळनाडूतील तिरुचिरापल्ली येथील आयुध निर्माणीतही तिचे उत्पादन झाले.

भारतीय रायफलीच्या दस्त्यामागील धातूची पट्टी ली-एनफिल्ड रायफलीच्या पट्टीसारखी आहे. तिच्यात लहानसे झाकण असून त्याआडच्या पोकळीत तेलाची बाटली आणि नळी साफ करण्याची दोरी, म्हणजे पुलथ्रू, ठेवता येते. साफसफाईचे साहित्य अशा रीतीने शस्त्रासोबतच राहते.

रचना आणि कार्यपद्धती

रायफलीची लांबी सुमारे ११४ सेंटिमीटर आणि रिकामे वजन सव्वाचार किलोग्रॅमच्या आसपास आहे. मॅगझीनमध्ये २० काडतुसे बसतात. नळीतून बाहेर पडणाऱ्या गोळीचा वेग सेकंदाला ८०० मीटरपेक्षा अधिक असतो.

रायफल गॅसच्या दाबावर चालते. काडतूस पेटल्यावर गोळी नळीतून पुढे सरकते. तिच्यामागील तप्त वायूचा काही अंश नळीला असलेल्या छिद्रातून वरच्या गॅस सिलिंडरमध्ये शिरतो. तेथील पिस्टन मागे ढकलला जातो आणि त्याचा धक्का स्लाइडला बसतो. पिस्टन थोडेच अंतर सरकून स्वतःच्या स्प्रिंगने परत येतो. स्लाइड मात्र वेगाने मागे जात राहते.

स्लाइडच्या आत ब्रीच ब्लॉक असतो. गोळी सुटतेवेळी त्याचा मागचा भाग खाली झुकून बॉडीतील एका मजबूत आडव्या तुकड्याला टेकलेला असतो. यालाच कुलूपबंद अवस्था म्हणतात. स्लाइड मागे सरकताना ब्लॉकचा मागचा भाग वर उचलते, कुलूप सुटते, रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते आणि हातोडी पुन्हा ताणली जाते. दस्त्यातील नळकांड्यात एकात एक बसविलेल्या दोन रिटर्न स्प्रिंगा स्लाइडला पुढे ढकलतात. पुढे येताना ती मॅगझीनमधील नवे काडतूस चेंबरमध्ये नेते.

निगेच्या दृष्टीने या रचनेतील दोन बाबी महत्त्वाच्या आहेत. पहिली अशी की, गॅससोबत काजळीही सिलिंडरमध्ये शिरते, त्यामुळे पिस्टन व सिलिंडर सर्वांत लवकर मळतात. दुसरी अशी की, रिटर्न स्प्रिंगा दस्त्यातच असल्याने दस्ता हा केवळ खांद्याला टेकविण्याचा भाग राहत नाही. त्यात शिरलेले पाणी किंवा माती थेट यंत्रणेपर्यंत पोहोचू शकते.

खोलण्यापूर्वीची तपासणी

शस्त्र साफ करताना होणारे अपघात बहुधा 'रायफल रिकामी आहे' या समजुतीतून घडतात. मॅगझीन काढले म्हणजे रायफल रिकामी झाली, ही चूक विशेष घातक आहे, कारण मॅगझीन काढल्यानंतरही चेंबरमध्ये एक काडतूस राहू शकते. म्हणून तपासणीचा क्रम ठरलेला असतो आणि तो बदलला जात नाही.

१. नळीचे तोंड सुरक्षित दिशेला धरले जाते. बोट चापापासून दूर ठेवले जाते.
२. सेफ्टी कॅच 'एस' या खुणेवर आणला जातो.
३. मॅगझीन काढून बाजूला ठेवले जाते.
४. डावीकडील कॉकिंग हँडल पूर्ण मागे ओढून हलते भाग मागे रोखले जातात. चेंबरमध्ये काडतूस असल्यास ते बाहेर पडते.
५. चेंबर आणि मॅगझीनची जागा डोळ्यांनी पाहिली जाते. अंधार असल्यास बोटाने चाचपून खात्री केली जाते.
६. शक्य असेल तेथे दुसऱ्या व्यक्तीकडून तीच तपासणी करून घेतली जाते.

क्रमांक ३ आणि ४ यांची अदलाबदल झाल्यास हँडल ओढल्याने चेंबरमधील काडतूस बाहेर पडते, पण हलते भाग पुढे येताना मॅगझीनमधील दुसरे काडतूस आत जाते. त्यानंतर मॅगझीन काढले तरी रायफल भरलेलीच राहते. सर्व काडतुसे मोजून साफसफाईच्या जागेपासून दूर ठेवणे हाही तपासणीचाच भाग आहे.

खोलण्याचा क्रम

रायफल हाताळणाऱ्या शिपायाने किती भाग खोलावेत, याची मर्यादा ठरलेली असते. पुढील क्रम दैनंदिन साफसफाईचा आहे. चापाची यंत्रणा, नळी आणि दस्ता वेगळे करणे हे आर्मररचे, म्हणजे शस्त्रागारातील प्रशिक्षित कारागिराचे, काम आहे.

तपासणीनंतर हलते भाग पुढे आणले जातात. हातोडी ताणलेली आणि सेफ्टी कॅच 'एस' वर असतो. बॉडीच्या मागील बाजूची खिट्टी सोडविल्यावर रायफल मधल्या बिजागरीवर उघडते आणि दस्ता खाली झुकतो. स्लाइडच्या मागे असलेली लांब दांडी धरून स्लाइड व ब्रीच ब्लॉक एकत्र मागे ओढून काढले जातात. त्यानंतर बॉडीवरील पत्र्याचे झाकण मागे सरकवून काढता येते.

स्लाइडमधून ब्रीच ब्लॉक वेगळा केला जातो. त्याच्या मागच्या टोकाशी असलेली आडवी खीळ काढल्यावर फायरिंग पिन आणि तिची स्प्रिंग बाहेर येते. ही खीळ लहान असल्याने काम स्वच्छ कापडावर किंवा ताटात केले जाते.

पुढे गॅसचा भाग येतो. नळीच्या वर, पुढील माशीजवळ गॅस प्लग असतो. त्याचे बटण दाबून प्लग पाव फेरा फिरविला की तो सुटतो. त्यामागे पिस्टन स्प्रिंगचा जोर असतो, म्हणून प्लगवर अंगठा ठेवूनच तो सोडावा लागतो. चेहरा प्लगच्या समोर ठेवला जात नाही. प्लगमागोमाग पिस्टन आणि त्याची स्प्रिंग काढली जाते.

मॅगझीनचा तळपत्रा सरकवून आतील स्प्रिंग आणि काडतुसे वर उचलणारी पट्टी बाहेर काढता येते. तळपत्रा सुटताना स्प्रिंग उसळते, म्हणून त्यावर हात धरला जातो.

काढलेले भाग डावीकडून उजवीकडे, ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने मांडले जातात. जोडताना हा क्रम उलटा घेतला की एखादा भाग विसरण्याची शक्यता उरत नाही.

भागांची अदलाबदल

एकाच वेळी अनेक रायफली साफ केल्या जात असताना एका रायफलीचा ब्रीच ब्लॉक दुसरीत बसविला जाण्याचा धोका असतो. दिसायला सर्व ब्लॉक सारखेच असतात आणि बहुधा दुसऱ्या रायफलीत बसतातही. परंतु बंद ब्लॉकचा दर्शनी पृष्ठभाग आणि चेंबरमधील काडतूस यांच्यातील अंतर प्रत्येक रायफलीत मोजून ठरविलेले असते. हे अंतर जुळावे म्हणून ब्लॉक ज्या तुकड्याला टेकतो तो योग्य जाडीचा निवडून बसविला जातो. ब्लॉक बदलला की हे मोजमाप बिघडते. अंतर वाढल्यास पुंगळी आतच फाटून तप्त वायू मागे येऊ शकतो. अंतर कमी पडल्यास ब्लॉक पूर्ण बंद होत नाही. म्हणून भागांवरील क्रमांक बॉडीवरील क्रमांकाशी पडताळले जातात.

धातूच्या भागांची साफसफाई

नळी

नळी नेहमी ब्रीचच्या बाजूने साफ केली जाते. रायफल बिजागरीवर उघडत असल्याने ते सोपे जाते. पुलथ्रूचे वजनदार टोक ब्रीचकडून सोडून नळीच्या तोंडातून बाहेर काढले जाते. दोरीच्या फासात कापडाची चिंधी अडकवून दोरी एका दमात, सरळ रेषेत ओढली जाते. दोरी तिरपी ओढल्यास ती नळीच्या तोंडाच्या कडेवर घासते. वर्षानुवर्षांच्या घर्षणाने तेथे खाच पडते आणि गोळी बाहेर पडताना तिच्याभोवतीचा वायू असमान सुटून नेम चुकतो. चिंधी मध्येच अडकू नये म्हणून तिचा आकार ठरलेला असतो. तेल लावण्याची चिंधी कोरड्या चिंधीपेक्षा लहान घेतली जाते.

जुन्या .३०३ काडतुसांच्या प्रायमरमध्ये पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळल्यावर उरणारा क्षार हवेतील ओलावा शोषून घेतो आणि नळी गंजवतो. हा क्षार तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. त्यामुळे त्या काळी नळीत उकळते पाणी ओतून ती धुण्याची पद्धत होती. आधुनिक प्रायमरमुळे ही गरज बहुतांशी संपली, तरी गोळीबारानंतर त्याच दिवशी नळी साफ करण्याचा नियम टिकून आहे. तांब्याच्या आवरणाचे कण आणि दारूची काजळी यांच्याखाली ओलावा अडकू शकतो. एका दिवसात सर्व काजळी निघत नाही, म्हणून पुढील काही दिवस नळी पुन्हा तपासली जाते. गोळीबारापूर्वी नळीतील तेल कोरड्या चिंधीने पूर्ण पुसले जाते.

गॅसचे भाग

पिस्टन, गॅस प्लग आणि सिलिंडर घासून काजळी काढली जाते आणि हे भाग कोरडे ठेवले जातात. इतर भागांना तेल लागते म्हणून येथेही लावणे चुकीचे आहे. तप्त वायूमुळे ते तेल जळून कडक थर बनतो आणि पिस्टन आखडतो. पिस्टन सिलिंडरमध्ये स्वतःच्या वजनाने मोकळा सरकला पाहिजे. साठवणुकीत ठेवायच्या रायफलीच्या या भागांवर तेलाचा पातळ हात देतात, मात्र वापरापूर्वी तो पुसावा लागतो.

ब्रीच ब्लॉक, स्लाइड आणि चेंबर

ब्लॉकच्या दर्शनी भागावर आणि पुंगळी ओढणाऱ्या आकड्याखाली पितळेचा भुगा साचतो. तो न काढल्यास पुंगळी चेंबरमध्येच अडकते. फायरिंग पिनची वाट कोरडी आणि स्वच्छ ठेवली जाते. घट्ट झालेल्या तेलामुळे पिन पुढेच अडकून राहिली, तर ब्लॉक बंद होतानाच काडतूस पेटण्याचा धोका असतो. स्लाइड ज्या खाचांतून सरकते त्यांना तेलाचा हलका हात दिला जातो. चेंबर मात्र वापराच्या वेळी कोरडे असले पाहिजे. गोळी सुटताना पुंगळी फुगून चेंबरच्या भिंतीला घट्ट चिकटते आणि मागे येणारा काही जोर स्वतःवर घेते. तेल असल्यास ती पकड सुटते आणि ब्रीच ब्लॉकवर अधिक ताण येतो. काडतुसांना तेल न लावण्याचे कारणही हेच.

मॅगझीन

पत्रा दबलेला किंवा वरच्या कडा वाकलेल्या असतील, तर काडतूस तिरपे चढते. रायफलीत दोष नसतानाही ती अडखळण्याचे हे नेहमीचे कारण आहे. मॅगझीन आतून कोरड्या कापडाने पुसले जाते. तेलाचा थर धूळ धरून ठेवतो.

लाकडी भागांची निगा

भारतात रायफलीच्या दस्त्यासाठी परंपरेने अक्रोडाचे लाकूड पसंत केले जाते. ते धक्का सोसते, सहजी फाटत नाही आणि कोरून अचूक आकार देता येतो. मात्र कोणतेही लाकूड वाळल्यानंतरही हवेतील ओलाव्याशी देवाणघेवाण करीत राहते. हवेची सापेक्ष आर्द्रता २५ टक्क्यांच्या आसपास असताना लाकडातील ओलावा सुमारे ५ टक्क्यांवर स्थिरावतो. आर्द्रता ८० ते ८५ टक्क्यांवर गेली की तो १६ ते १८ टक्क्यांपर्यंत चढतो. ओलाव्यासोबत लाकूड रुंदीत फुगते आणि वाळल्यावर आकसते. लांबीत मात्र फरक नगण्य असतो.

वऱ्हाडातील हवामान

अमरावती जिल्ह्यातील तिवसा, चांदूर रेल्वे, मोर्शी यांसारख्या तालुक्यांत आणि शेजारच्या अकोला जिल्ह्यात हे दोन्ही टोकाचे हवामान एकाच वर्षात अनुभवास येते. मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जातो आणि दुपारची हवा अत्यंत कोरडी असते. जुलै-ऑगस्टमध्ये हवा दिवसेंदिवस दमट राहते. लाकडातील ओलावा दहा टक्क्यांनी बदलला, तर ४० मिलिमीटर जाडीच्या भागात सुमारे १ मिलिमीटरचा फरक पडू शकतो. प्रत्यक्षात तेल पाजलेल्या दस्त्यात हा बदल सावकाश आणि कमी होतो. परंतु धातू व लाकूड यांचा सांधा घट्ट राहण्यासाठी अर्धा मिलिमीटरही पुरेसा महत्त्वाचा असतो.

उन्हाळ्यात लाकूड आकसल्याने दस्त्याचा सांधा ढिला पडतो. ढिल्या दस्त्याला प्रत्येक गोळीचा धक्का एखाद्या लहान भागावर बसतो आणि तेथे बारीक चीर सुरू होते. पावसाळ्यात लाकूड फुगून हँडगार्ड दाटते आणि लाकडाआडच्या धातूवर न दिसणारा गंज चढतो. म्हणून मृगाच्या आधी आणि दिवाळीच्या सुमारास, म्हणजे ऋतू पालटताना, सांधे व स्क्रू तपासणे इष्ट ठरते. या भागातील काळी कसदार माती ओली असताना चिकट आणि वाळल्यावर अतिशय बारीक धूळ होते. उन्हाळ्यात हलत्या भागांना तेल कमी आणि पावसाळ्यात थोडे अधिक देण्याची पद्धत याच कारणाने योग्य ठरते.

जवसाचे तेल

लाकडी दस्त्यासाठी जगभर जवसाचे तेल वापरले गेले आहे. वऱ्हाडी स्वयंपाकात चटणीमुळे परिचित असलेले हेच जवस आहे. विदर्भ हा महाराष्ट्रातील जवसाच्या लागवडीचा प्रमुख पट्टा आहे. या तेलात अल्फा-लिनोलेनिक आम्लाचे प्रमाण मोठे असते. हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन त्याचे रेणू एकमेकांत गुंफले जातात आणि लाकडाच्या छिद्रांत लवचीक थर तयार होतो. म्हणजे येथे 'वाळणे' हे बाष्पीभवन नसून रासायनिक क्रिया आहे. शेंगदाणा किंवा खोबऱ्याचे तेल असे घट्ट होत नाही. ते चिकट राहते आणि खवट होते.

कच्च्या जवस तेलाला वाळण्यास अनेक दिवस लागतात. बाजारात 'उकळलेले' म्हणून मिळणाऱ्या तेलात लवकर वाळण्यासाठी धातूंचे क्षार मिसळलेले असतात. ते खाण्यायोग्य नसते. तेल लावण्यापूर्वी दस्ता कोरड्या कापडाने पुसला जातो. तळव्यावर थोडे तेल घेऊन ते उष्णता जाणवेपर्यंत लाकडावर चोळले जाते. काही वेळाने न मुरलेले तेल पुसून घेतले जाते आणि पहिला हात पूर्ण वाळल्यावरच दुसरा दिला जातो. एकदम जाड थर दिल्यास वरची साय वाळते आणि आतील तेल ओलेच राहते.

जवस तेलाने भिजलेले कापड चुरगाळून टाकणे धोक्याचे आहे. ऑक्सिजनशी होणाऱ्या क्रियेत उष्णता निर्माण होते. कापडाच्या गोळ्यात ती कोंडली गेल्यास ठिणगी नसतानाही कापड पेट घेऊ शकते. वऱ्हाडातील उन्हाळ्यात आणि दारूगोळ्याच्या सान्निध्यात हा धोका अधिक गंभीर ठरतो. अशी कापडे मोकळ्या हवेत पसरून वाळविली जातात किंवा पाण्यात बुडवून ठेवली जातात.

टाळावयाच्या गोष्टी

धातूसाठीचे खनिज तेल लाकडाला लावले जात नाही. ते वाळत नाही, लाकडात मुरून त्याला काळे व मऊ करते. नळी साफ करण्याची रसायनेही लाकडापासून दूर ठेवली जातात. रायफल दीर्घकाळ दस्त्यावर उभी ठेवायची असल्यास धातूवरील जादा तेल आधी पुसावे लागते, अन्यथा ते ओघळून दस्त्याच्या वरच्या सांध्यात शिरते. भिजलेला दस्ता उन्हात किंवा चुलीजवळ वाळविल्यास बाहेरचा थर आधी आकसून चिरतो. तो सावलीत, वाऱ्यावर वाळविणे योग्य होय. लाकूड दबून पडलेला लहान खळगा ओले कापड ठेवून वरून गरम इस्त्री टेकविल्यास वाफेने बराच वर येतो. मात्र चीर पडली असल्यास हा उपाय न करता दस्ता आर्मररकडे दिला जातो.

जोडणी आणि अंतिम तपासणी

जोडणी खोलण्याच्या उलट क्रमाने होते. पिस्टन, स्प्रिंग व गॅस प्लग प्रथम बसवून प्लग योग्य स्थितीत आणला जातो. फायरिंग पिन ब्लॉकमध्ये आणि ब्लॉक स्लाइडमध्ये बसविला जातो. झाकण सरकविल्यावर स्लाइड आत घालून रायफल बंद केली जाते. स्लाइडची मागची दांडी दस्त्यातील नळकांड्यात सरळ गेली आहे, हे पाहिल्याशिवाय जोर लावला जात नाही. अन्यथा ती वाकते.

यानंतर रिकाम्या रायफलीची क्रिया तपासली जाते. हँडल ओढून हातोडी ताणली जाते. सेफ्टी 'एस' वर असताना चाप ओढल्यास हातोडी पडता कामा नये. सेफ्टी 'आर' वर आणल्यावर ती पडली पाहिजे. चाप ओढलेला धरूनच पुन्हा हँडल ओढून सोडले असता हातोडी अडकून राहिली पाहिजे आणि चाप सोडून पुन्हा ओढल्यावरच पडली पाहिजे. यांपैकी एकही चाचणी चुकल्यास रायफल वापरातून बाजूला काढली जाते.

गॅस रेग्युलेटर आणि मळाचा प्रश्न

या रायफलीत गॅसचे प्रमाण कमी-जास्त करणारा रेग्युलेटर असतो. तो उघडा असताना जादा वायू बाहेर निसटतो. बंद करीत गेल्यास पिस्टनवर अधिक दाब पडतो. योग्य जागा शोधण्यासाठी चांदमारीच्या मैदानावर रेग्युलेटर पूर्ण उघडा ठेवून एकेक गोळी झाडली जाते आणि यंत्रणा पूर्ण मागे जाऊन पुंगळी नीट फेकली जाईपर्यंत तो टप्प्याटप्प्याने बंद केला जातो. त्यानंतर मळ, धूळ व थंडी यांसाठी राखीव म्हणून तो आणखी दोन खाचा बंद करतात. गॅस प्लगची दुसरी स्थिती ग्रेनेड झाडण्यासाठी असून तीत पिस्टनकडे जाणारा वायू पूर्ण बंद होतो. प्लग चुकून त्या स्थितीत बसविल्यास प्रत्येक गोळीनंतर हँडल हाताने ओढावे लागते.

रेग्युलेटरच्या सोयीतच त्याचा गैरवापरही दडलेला आहे. मळलेली रायफल अडखळू लागली की ती साफ करण्याऐवजी रेग्युलेटर आणखी बंद केला जातो. गॅस वाढतो, रायफल चालू लागते आणि दोष दूर झाल्याचा भास होतो. प्रत्यक्षात वाढलेल्या जोराने स्लाइड मागच्या भागावर आदळते, स्प्रिंगा लवकर थकतात, लाकडी दस्त्याच्या सांध्याला अधिक धक्के बसतात आणि खांद्यालाही जोराचा झटका लागतो. मळ तसाच वाढत राहिल्याने शेवटी रेग्युलेटर पूर्ण बंद करूनही रायफल थांबते. अशा वेळी हाताशी कोणताही उपाय उरत नाही. म्हणून आधी साफसफाई, मग मॅगझीनची तपासणी आणि त्यानंतरच रेग्युलेटर, हा क्रम योग्य मानला जातो.

कायदेशीर स्थिती

भारतात शस्त्र बाळगणे शस्त्र अधिनियम, १९५९ आणि शस्त्र नियम, २०१६ यांनी नियंत्रित आहे. ७.६२ मिमी व .३०३ ही सेनादलांची काडतुसे झाडू शकणाऱ्या अर्धस्वयंचलित वा बोल्टच्या रायफली या नियमांतील निर्बंधित वर्गात मोडतात. त्यामुळे सर्वसामान्य नागरिकाला एसएलआर बाळगता येत नाही. तिची हाताळणी सशस्त्र दले आणि पोलीस यांच्यापुरती मर्यादित आहे.

ग्रामीण भागात आत्मसंरक्षण किंवा पीकसंरक्षणासाठी परवाना मिळालेली शस्त्रे वेगळ्या वर्गातील, बहुधा बारा बोअरच्या बंदुका, असतात. त्यांचा परवाना जिल्हादंडाधिकारी देतात. निवडणुकीच्या काळात अशी शस्त्रे अनेकदा पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात. यंत्रणा निराळी असली तरी लाकडी दस्ता, जवस तेल, नळीची स्वच्छता आणि रिकामेपणाची तपासणी याबाबतची वर दिलेली तत्त्वे त्यांनाही लागू पडतात.

सद्यःस्थिती

इन्सास रायफली आल्यावर भूदलातून निघालेली एसएलआर राज्यांच्या पोलीस दलांत दीर्घकाळ टिकली. ६ मार्च १९४८ रोजी स्थापन झालेल्या महाराष्ट्राच्या राज्य राखीव पोलीस दलाचा गट क्रमांक ९ अमरावती येथे आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर पोलिसांकडील .३०३ आणि एसएलआर यांसारखी जुनी शस्त्रे व गोळीबाराचा अपुरा सराव हे विषय राज्यात चर्चेचे ठरले आणि नवीन शस्त्रांच्या खरेदीला गती मिळाली.

१ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळाची पुनर्रचना होऊन सात सरकारी कंपन्या अस्तित्वात आल्या. ईशापूर आणि तिरुचिरापल्ली येथील कारखाने 'ॲडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया' या कंपनीकडे गेले. लहान शस्त्रांची काडतुसे बनविणारे खडकी आणि जळगाव जिल्ह्यातील वरणगाव येथील कारखाने 'म्युनिशन्स इंडिया' या कंपनीत समाविष्ट झाले.

प्लास्टिकच्या दस्त्यांच्या नव्या रायफलींना ऋतुमानानुसार तेल पाजावे लागत नाही. तथापि गॅसवर चालणाऱ्या कोणत्याही रायफलीत काजळी साचतेच आणि चेंबरमधील काडतूस बाहेरून दिसत नाही. त्यामुळे एसएलआरसोबत रुजलेला 'आधी तपासणी, मग खोलणे, साफसफाई आणि पुन्हा तपासणी' हा क्रम शस्त्र बदलल्यावरही प्रशिक्षणात कायम राहिला आहे.